चावडी आणि टपाल

मुक्त स्रोत प्रणालींचा इतिहास बहुधा कर्त्यांच्या नावांनी आणि आवृत्त्यांच्या सनावळीने सांगितला जातो. ज्या लेखी चर्चेतून त्या घडल्या, तिचे दप्तर कोठे आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो अधिक जवळचा वाटावा, अशी आमची समजूत आहे.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी कल्पिलेले यूजनेट म्हणजे एक चावडीच होती. तीत विषयवार न्यूजग्रुप असत. एकाने लिहिलेला मजकूर संगणकागणिक नकलला जाई आणि कोणीही वाटसरू तो वाचू शके. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा येथेच केली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स प्रणालीच्या न्यूजग्रुपवर आपल्या नव्या प्रणालीची वर्दी दिली. तीच पुढे लिनक्स म्हणून प्रसिद्ध झाली. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी त्याच जागी लिनक्सची रचना कालबाह्य ठरवली, तेव्हा विद्यार्थ्याने प्राध्यापकांना सर्वांदेखत उत्तर दिले. असा वाद चावडीवरच शोभतो.

परंतु चावडीला दार नसते. एप्रिल १९९४ मध्ये एकच जाहिरात हजारो न्यूजग्रुपांवर टाकली गेली आणि पुढे असा कचरा वाढतच गेला. लिनक्सच्या गाभ्याचे रोजचे काम मेलिंग लिस्टवर स्थिरावले. दुरुस्ती पत्रातूनच पाठवायची, आणि तिच्या ओळीओळीखाली इतरांनी शेरे लिहायचे, अशी तेथील रीत पडली.

या दोन रीतींमधला खरा भेद आम्हांस जतनात दिसतो. न्यूजग्रुपवरील मजकूर जागेअभावी थोड्याच दिवसांत पुसला जाई. १९८१ ते १९९१ या काळातील पुष्कळसा भाग वाचला, तो टोरांटो विद्यापीठातील हेन्री स्पेन्सर यांनी फिती सांभाळल्या म्हणून. पुढे २००१ साली गूगलने हा संग्रह लोकांपुढे ठेवला. मात्र २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूजनेटवरील नवा मजकूर येणे बंद झाले. जुना संग्रह वाचता येतो, पण तो एका कंपनीच्या मर्जीवर.

मेलिंग लिस्टचे पत्र मात्र प्रत्येक सभासदाच्या स्वतःच्या पेटीत पडते. २०१८ साली लिनक्सच्या गाभ्याच्या पत्रव्यवहाराचे सार्वजनिक दप्तर उभारताना जुनी पत्रे मिळाली, ती अशा खाजगी संग्रहांतून. आता त्या दप्तराची संपूर्ण नक्कल कोणीही करून घेऊ शकतो. इतकेच नव्हे, तर ते न्यूजग्रुपच्या पद्धतीनेही वाचता येते. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटू नये: ग्रंथ टिकतो तो वाचकाने घरी ठेवलेल्या प्रतीमुळे. आजची चर्चा कोठे करावी हे ठरवताना तिची प्रत कोणाच्या घरी राहील, हेही पाहिले पाहिजे.