डोक्यावरचा छोटा आकडा

कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं आणि पंचगंगा ओलांडली, की शिरोलीची एमआयडीसी लागते. इथल्या फाउंड्रींतून वाहनांचे सुटे भाग ओतून बाहेर पडतात. या ओतकामात एक जुना गुणाकार दडलेला आहे, तो आज पाहू.

बीड मुळात ठिसूळ असतं, कारण त्यात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात. वितळलेल्या रसात थोडं मॅग्नेशियम मिसळलं, की पाकळ्यांच्या गोळ्या होतात आणि बीड चिवट बनतं. हे तंत्र १९४८ साली अमेरिकेत जाहीर झालं. समजा, रस ५०० किलो आहे आणि त्यात ०.०४ टक्के मॅग्नेशियम उरायला हवं. ५०० म्हणजे ५ गुणिले दहाचा दुसरा घात. ०.०४ टक्के म्हणजे ४ गुणिले दहाचा उणे चौथा घात. पाच चोक वीस. घातांकांची बेरीज उणे दोन. उत्तर ०.२ किलो, म्हणजे २०० ग्रॅम. टाकावं लागतं याहून जास्त, कारण बरंचसं जळून जातं.

दहाच्या पटींना नावं देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त एक, दश, शत करत अठरावं स्थान परार्ध सांगितलं. एकावर सतरा शून्यं! या संज्ञा पूर्वजांनी व्यवहारासाठी केल्या, असंही ते सांगतात. पुढे नावांची जागा आकड्याने घेतली. जर्मनीच्या मिखाएल श्टीफेलने १५४४ मध्ये दाखवलं, की घातांकांची बेरीज केली की गुणाकार होतो आणि उणे घातांकही चालतात.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथला शिलालेख १२०७ सालचा. त्यातल्या जुन्या मराठी ओळी सांगतात, की बाजारात ग्राहकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं. म्हणजे गणिताचा खर्च बाजाराने उचलला होता.

शिरोलीत हेच गणित बाजाराच्या कामी येतं. घातांकात एकाची चूक झाली, तर २०० चे २० ग्रॅम होतात. पाकळ्या तशाच राहतात आणि भाग रस्त्यावर, भाराखाली तडकू शकतो. म्हणून मुलांनो, गुणाकार नीट कराच. पण आधी तो डोक्यावरचा छोटा आकडा पुन्हा एकदा तपासा.