रसेल, आर्थर

(२१ मे १९५१ – ४ एप्रिल १९९२). अमेरिकन गायक, गीतकार, संगीतरचनाकार व चेलोवादक. चेलो हे त्याचे मुख्य वाद्य. कीबोर्ड, गिटार आणि तालयंत्रेही तो हाताळी. डिस्को, लोकगीत, कंट्री, पॉप आणि प्रायोगिक संगीत या सर्वांत त्याने सारख्याच निष्ठेने काम केले. हयातीत त्याचे मोजकेच संगीत प्रसिद्ध झाले आणि तेही बरेचसे निरनिराळ्या नावांनी, त्यामुळे हा सगळा एकाच माणसाचा व्याप आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

जन्म आयोवा राज्यातील ऑस्कलूसा या लहानशा गावी. तरुणपणी तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, एका बौद्ध समूहात राहिला आणि सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांनी कॅलिफोर्नियात काढलेल्या संगीतविद्यालयात हिंदुस्थानी संगीत शिकला. एक स्वर धरून ठेवायचा आणि गळा त्याच्याभोवती सावकाश फिरवायचा, ही त्याची पुढची रीत ऐकताना या तालमीची आठवण होतेच. कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग याला तो चेलोवर साथ करी.

१९७३ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला. ‘द किचन’ या प्रायोगिक कलाकेंद्राचा संगीत संचालक असताना (१९७४–७५) त्याने ‘मॉडर्न लव्हर्स’ या रॉक वाद्यवृंदाला तेथे बोलावले. नव्या अभिजात संगीताच्या त्या व्यासपीठावर रॉक वाजवणे हे धाडसच होते. पुढे डिस्कोच्या नृत्यगृहांत तो रमला. ‘डायनोसॉर’ या नावाने काढलेल्या ‘किस मी अगेन’मध्ये (१९७८) रॉक संगीतकार डेव्हिड बर्न याचे गिटार आहे. ‘लूज जॉइंट्स’ या नावाने काढलेले ‘इज इट ऑल ओव्हर माय फेस’ (१९८०) डीजे लॅरी लेव्हान याने नव्याने मिश्रित केले आणि त्या रूपात ते नृत्यगृहांत गाजले. या रचनांत ताल पक्का असतो, पण गाणारे आणि वाजवणारे त्याच्या अलीकडे-पलीकडे सैल वावरतात. घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या त्या काळच्या डिस्कोत असा मोकळेपणा क्वचितच आढळे.

‘वर्ल्ड ऑफ एको’ (१९८६) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती. येथे मुख्यतः चेलो, कंठ आणि प्रतिध्वनी एवढेच साहित्य आहे. ढोल नाही, तरी ताल जाणवतो. कारण गज तारेवर ओढण्याबरोबरच आपटला आणि खरवडलाही जातो, आणि यंत्रातून परतणारा प्रत्येक आवाज पुढच्या मात्रेची जागा दाखवतो. शब्द अर्धवट उच्चारले जातात, कुठे संपतात आणि नुसता स्वर कुठून सुरू होतो ते कळत नाही. पहिल्या ऐकण्यात हे संगीत हाती लागत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो आणि तो देण्याजोगा आहे.

रसेल गाणे सहसा संपवीतच नसे. एकाच गीताची अनेक मिश्रणे करून ती वॉकमनवर ऐकत तो शहरभर चाले. एड्सने वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा मागे ध्वनिफितींचा प्रचंड साठा उरला. तो त्याचा जोडीदार टॉम ली याने जपला. १९९४ मध्ये ‘अनदर थॉट’ निघाले. मात्र खरा शोध लागला तो २००४ मध्ये, ‘द वर्ल्ड ऑफ आर्थर रसेल’ हे संकलन आणि ‘कॉलिंग आउट ऑफ कॉन्टेक्स्ट’ प्रसिद्ध झाल्यावर. ‘लव्ह इज ओव्हरटेकिंग मी’मधून (२००८) त्याचा साधा, गिटारवरचा गीतकार पुढे आला. त्याच वर्षी मॅट वुल्फचा ‘वाइल्ड कॉम्बिनेशन’ हा माहितीपट आणि पुढच्या वर्षी टिम लॉरेन्सने लिहिलेले चरित्र आले.

मरणोत्तर ध्वनिमुद्रिका ऐकताना एक भान ठेवावे: कोणते मिश्रण अंतिम, हा निर्णय त्यांत बहुधा इतरांचा आहे. रसेलचा संग्रह आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे असल्याने अभ्यासकांना मूळ सामग्रीकडे वळता येते.