चाचणी-स्थिती (बुद्धिबळ इंजिन)

बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनाची पारख करण्यासाठी त्याच्यापुढे मांडलेली, शक्यतो एकच बिनतोड उत्तर असलेली पटस्थिती. अशा स्थिती बहुधा ग्रँडमास्टरांच्या डावांतून निवडतात. समालोचक ज्या खेळीपुढे दोन उद्गारचिन्हे देतात ती खेळी इंजिनाला सापडते का, आणि सापडलीच तर किती वेळात, हे पाहिले जाते. अनेक स्थितींच्या समूहाला चाचणी-संच म्हणतात.

सर्वांत परिचित जुना संच इव्हान ब्रॅट्को आणि डॅनी कोपेक यांचा (१९८२). त्यात २४ स्थिती आहेत: निम्म्या डावपेचांच्या, निम्म्या प्यादी पुढे रेटून मोर्चा फोडण्याच्या. प्रत्येकीला दोन मिनिटे. माणूस आणि यंत्र यांची एकाच मापाने तुलना करणे हा त्यामागचा हेतू होता. त्या काळच्या यंत्रांना डावपेच बरे जमत, प्याद्यांच्या प्रश्नांत ती अडखळत. फ्रान्सच्या पियेर नोलोने पुढे ११ स्थितींचा छोटा पण फार कठीण संच केला. त्यातली एक स्थिती १९९० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतली आहे. लियोंमधल्या विसाव्या डावात कास्पारोव्हने कार्पोव्हच्या राजापुढचे एच६ वरचे प्यादे घोड्याने मारले, ती ही खेळी.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र टोपालोव्ह–शिरोव्ह, लिनारेस १९९८ या डावातले आहे. पटावर अवघी दहा मोहरी होती. काळ्याकडे राजा ई६, उंट एफ५ आणि ए४, डी५, एफ६, जी६ ही चार प्यादी. पांढऱ्याकडे राजा जी१, उंट सी३ आणि जी२, एच४ ही दोन प्यादी. दोन प्याद्यांची आघाडी असली तरी उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे, म्हणजे बरोबरीची दाट शक्यता. शिरोव्हला राजा ई४ वर न्यायचा होता. पण वाटेतल्या एफ५ वर त्याचाच उंट उभा होता. उंट कुठेही साधा हलवला की पांढरा राजा एफ२, ई३ असा पुढे येऊन वाट अडवणार. म्हणून सत्तेचाळिसाव्या खेळीला शिरोव्हने उंट सरळ एच३ वर, प्याद्याच्या तोंडात ठेवला. जी२ वर हल्ला असल्याने पांढऱ्याला उत्तर देणे भाग पडले. त्याने उंट मारला, तेवढ्यात काळा राजा एफ५ वरून ई४ वर पोचला आणि ए व डी पट्ट्यांवरची प्यादी एकट्या उंटाला आवरेनात. पांढऱ्याने उंट न मारता राजा एफ२ वर आणला असता, तरी काळा राजा एफ५ वर येऊन पुढे ई४ गाठतोच. त्रेपन्नाव्या खेळीनंतर टोपालोव्हने डाव सोडला.

त्या काळच्या इंजिनांना ही खेळी दिसत नसे, आणि कारण सरळ आहे. उंट गेल्याचा तोटा ताबडतोब मोजला जातो, प्यादी वजीर होण्याचा फायदा मात्र कितीतरी खेळ्या पुढे असतो. तपासणीची खोली जिथे संपते त्यापलीकडचे यंत्राला दिसत नाही. हान्स बर्लिनरने १९७३ मध्ये वर्णन केलेला क्षितिज-परिणाम याच मर्यादेतून येतो. शिवाय वेग मिळवण्यासाठी इंजिने वरवर वाईट दिसणाऱ्या खेळ्या उथळ तपासून बाजूला टाकतात. बलिदानाची खेळी नेमकी त्यांतच जाते. न्यूरल जाळ्यावर चालणाऱ्या लीलासारख्या इंजिनाची अडचण निराळी: जाळ्याने एखाद्या खेळीला सुरुवातीलाच कमी संभाव्यता दिली, तर शोध तिच्याकडे क्वचितच वळतो. आजच्या इंजिनांना एच३ वरचा उंट सापडतो; लागणारा वेळ आवृत्ती आणि यंत्रानुसार बदलतो.

स्थिती निवडताना खेळीच्या कीर्तीवर भिस्त ठेवणे धोक्याचे. कास्पारोव्ह–टोपालोव्ह, वाइक आन झे १९९९ या डावातले चोविसाव्या खेळीचे हत्तीचे बलिदान अजरामर ठरले. पण टोपालोव्हने डी४ वरचा तो हत्ती न मारता राजा बी६ वर नेला असता तर काळा टिकला असता. खेळी सुंदर आहेच. तिच्यावर इंजिनाला नापास करणे मात्र अन्यायाचे. दुसरे एखादे उत्तर तितकेच चांगले असेल, तर ती स्थिती संचातून काढावी हे उत्तम.

मोजणीतही खबरदारी लागते. दोन स्थितींच्या मध्ये इंजिनाची स्मृती पुसावी लागते, नाहीतर आधीच्या शोधाचे अवशेष पुढच्या उत्तरात मिसळतात. अनेक धाग्यांवर चालणारे इंजिन एकाच स्थितीला दर वेळी वेगळा वेळ घेते, म्हणून एका धावेवरून निष्कर्ष काढू नये. योग्य खेळी चुकीच्या कारणाने निवडली गेली, तर तिला उत्तर मानावे का, हा वाद जुनाच आहे. खेळीसोबत इंजिनाने दिलेले मूल्यांकन पाहिल्याशिवाय तो सुटत नाही.

संचात जास्त गुण मिळवणारे इंजिन डावांत अधिक बलवान असेलच असे नाही. बलिदाने हुडकण्यासाठी शोध रुंद केला की साध्या स्थितींत खोली कमी पडते, आणि डावात साध्या स्थितीच जास्त येतात. त्यामुळे अशा चाचण्यांचा खरा उपयोग दोष शोधण्यापुरता आहे: कोणत्या प्रकारची खेळी छाटली जाते हे त्या दाखवतात. स्टॉकफिश या इंजिनातला बदल स्वीकारायचा की नाही, हे २०१३ पासून फिशटेस्ट या व्यवस्थेत जुन्या-नव्या आवृत्तींचे हजारो डाव खेळवून ठरवतात. चाचणी-संचातल्या गुणांवर नाही.