मंडळीचा कारभार कोणाचा?

खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत दर बुधवारी संध्याकाळी जिन्यात चपलांची रांग लागते. दुसऱ्या मजल्यावर प्रार्थनासभा असते. माणसे हॉलमध्ये मावेनाशी झाली तेव्हा सोसायटीत कुरकुर झाली, आणि निम्मे लोक शेजारच्या सेक्टरमधल्या एका घरी जमू लागले. "तुमचा मुख्य कोण?" मी वहिनींना विचारले. "मुख्य कोणी नाही. ज्याचं घर, तो चहा करतो," त्या म्हणाल्या.

मी काही पदवीधर इतिहासकार नव्हे. नोकरी सांभाळून जुनी कागदपत्रे वाचत आलो, एवढेच. पण त्या उत्तराने मला थेट नगरला नेले.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे घातले. हे मिशन काँग्रेगेशनल परंपरेतले, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा, वर बिशप नको, अशा मताचे. प्रत्यक्षात मात्र मिशनरीच पाळक, तोच शाळातपासनीस आणि पगार देणाराही तोच. १८५४ साली बोस्टनहून मिशनच्या मुख्य संस्थेचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. त्यांचे म्हणणे सरळ होते : मिशनऱ्याने एका जागी पाळक होऊन बसू नये, लहान मंडळी उभी करावी, तिथल्याच माणसाच्या हाती सोपवावी आणि पुढच्या गावी जावे. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी शाळा बंद करण्याचा निर्णयही याच भेटीतला. शहरातल्या शिकलेल्यांना तो झोंबला, आणि माझ्या मते त्यांचे चुकत नव्हते.

खेड्यांत मात्र हा साधेपणा मानवला. वडाळ्यासारख्या ठिकाणांहून आसपासच्या गावांत शाळा निघाल्या. मास्तर आठवडाभर मुले शिकवी आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवी. वेगळी इमारत नको, वेगळा कारकून नको. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केल्यावर तर अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोचणे सोपे झाले.

पण दोन गोष्टी सलतात. मंडळीत बहुसंख्य लोक महार समाजातले, आणि पहिले दोन देशी पाळक ब्राह्मण. सत्ता गोऱ्या हातातून सुटली, ती लगेच महारवाड्यात पोचली नाही. दुसरी गोष्ट पैशाची. ज्याचे पोट बलुत्याच्या धान्यावर, आणि ख्रिस्ती झाल्यावर तेही धोक्यात, तो पाळकाच्या पगाराला रोकड कुठून आणणार? पगार बोस्टनहून येई तोवर स्वराज्य कागदावरच.

हीच बोच पुढे नारायण वामन टिळकांना लागली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे एकच पंगत. पायऱ्या, पदे, पगार यांतले काही नको. पण मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यात अधिकारी कोणी नव्हता हे खरे. पण ते सारे एकाच माणसाच्या खांद्यावर होते. टिळकांवर माझी भक्ती आहे, तरी हे म्हणावेच लागते. खेड्यातल्या नीरस मंडळीत खोलीची किल्ली एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे असे. मास्तर बदलला तरी रविवार चुकत नसे.

१९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात जुन्या काँग्रेगेशनल मंडळ्याही आल्या आणि त्यांच्यावर बिशप आला.

परवा वहिनींना विचारले, दानपेटी कोणाकडे असते? त्यांनी शंभर पानी वही दाखवली. दर महिन्याला वेगळे हस्ताक्षर होते. शेवटची नोंद पेटी दुरुस्तीची, आणि तिच्यापुढे दोघांच्या सह्या.