यंत्रांच्या ठेक्यावरचा आवाज

यंत्रावरच्या संगीताला जीव नसतो, असं आपण सहज म्हणून जातो. आइसलँडच्या ब्योर्क या गायिकेचा 'डेब्यू' हा अल्बम मात्र ऐकून पाहावा. 'शुगरक्यूब्ज' हा तिचा बँड १९९२मध्ये थांबला. १९९३च्या जुलैत 'डेब्यू' आला. बरीचशी निर्मिती नेली हूपर यांची. त्यात नाचघरातला इलेक्ट्रॉनिक ठेका आहे, जुनं जाझगीत आहे, हार्प आहे आणि तल्विन सिंग यांचा तबलाही आहे. कंपनीला जेमतेम ४० हजार प्रतींची आशा होती, खपल्या लाखो. एवढी सरमिसळ असूनही त्याची खिचडी झाली नाही, ती ब्योर्कच्या आवाजामुळे. हा आवाज कुजबुजतो, मध्येच उसळतो, आपले आइसलँडी उच्चार लपवत नाही. यंत्रं तीच, पण त्यांच्यासोबत माणूस गातो आहे, हे तिथे सतत जाणवतं.