साष्टीची खाडी आणि मराठ्यांचे आरमार

ज्या पाण्याच्या काठी आपली गावे वसली त्या पाण्याचा थोडा इतिहास येथे देणे उचित होईल.

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी गावे साष्टी बेटावरची. इ. स. १६५७ च्या अखेरीस शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा साष्टी, ठाणे व वसई फिरंग्यांकडे होती. महाराजांनी कल्याण, भिवंडी व पनवेल येथे लढाऊ नावा बांधावयास घेतल्या खऱ्या. परंतु कल्याणची नाव समुद्रावर न्यावयाची तर एक वाट घोडबंदरावरून वसईच्या खाडीने, दुसरी ठाण्यावरून मुलुंडच्या बाजूने. दोन्हीकडे फिरंग्यांचा पहारा. ह्या नावा बाहेर पडू देऊ नयेत, असा हुकूम इ. स. १६५९ मध्ये गोव्याच्या सरकारने दिला होता. आपल्या घरी बांधलेली नाव दुसऱ्याच्या दारातून काढावयाची, अशी ती अडचण!

बांधणीच्या कामावर आरंभी रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीजच होता. हे आरमार जंजिऱ्याच्या सिद्दीवर जावयाचे, असे त्याला सांगितले होते. पुढे वसईकरांनी कान भरले आणि तो आपल्या माणसांसह काम टाकून निघून गेला. तरीही काम बंद पडले नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. कोकणपट्टीतले सुतार, लोहार, कोळी व भंडारी यांच्या हातांनी ते पुढे चालले. त्यांची नावे बखरींत नाहीत. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी या सरदारांची मात्र आहेत.

इ. स. १६६४ मध्ये मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढच्याच वर्षी ८५ लहान व ३ मोठ्या नावा घेऊन महाराज स्वतः बसरूरच्या स्वारीस गेले.

खरी कसोटी लागली ती इ. स. १६७९ मध्ये, खांदेरी बेटावर. मायनाक भंडाऱ्याने मुंबईच्या तोंडासमोर तेथे तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजे घालून वेढा दिला. पण वारा पडला की शिडाची जहाजे जागीच अडकत, आणि आपल्या उथळ बुडाच्या नावा वल्ह्यांच्या जोरावर रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवीत. १८ ऑक्टोबर रोजी इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गलबतच मराठ्यांच्या हाती लागले. अखेर वेढा उठला, खांदेरी राहिली.

खांदेरी जिंकली तरी साष्टी परक्यांचीच होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मार्च १७३७ मध्ये ठाणे व मे १७३९ मध्ये वसई हाती आली, तेव्हा खाडीच्या दोन्ही वाटांवरचे फिरंगी पहारे उठले. कल्याणास पहिली नाव बांधावयास घेतल्याला तोवर ऐंशी वर्षे लोटली होती.