खेळावर पोट कुणाचे भरते?

कोलोन म्हटले की आपल्या मंडळींना आठवते ते भव्य कथीड्रल, ऱ्हाईन नदी आणि अत्तराची बाटली. शहराच्या पश्चिमेला, म्युंगर्सडॉर्फच्या स्टेडियमशेजारी असलेल्या क्रीडा विद्यापीठाकडे मात्र आपण पाहुण्यांना सहसा नेत नाही. १९४७ साली ते स्थापन झाले आणि १९७० मध्ये त्याला पूर्ण विद्यापीठीय दर्जा मिळाला. इथे खेळाच्या राजकारणावर आणि अर्थकारणावर डॉक्टरेट करता येते, असे सांगितले तर आपले वडीलधारे हसून विचारतील, "अरे, खेळून का कुणाचे पोट भरते?" गंमत अशी, की या विद्यापीठातले काही प्राध्यापक नेमक्या याच प्रश्नाचा अभ्यास करतात.

हा अभ्यास त्यांना स्वतःच्या घरापासून सुरू करावा लागला. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कार्ल डीम (१८८२-१९६२) हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या संयोजन समितीचे सरचिटणीस होते. ऑलिंपियाहून मशाल धावत आणण्याची प्रथा त्यांच्याच काळात सुरू झाली. 'खेळात राजकारण नको' असे म्हणत म्हणत तो सोहळा हिटलरच्या राजवटीची शोभा होऊन बसला. मार्च १९४५ मध्ये, युद्ध हरल्यात जमा असताना, याच डीम यांनी कोवळ्या पोरांना प्राणार्पणाचे आवाहन केले. युद्धानंतर मात्र ते सन्मानाने कुलगुरू झाले. त्यांच्या भूतकाळावरून पुढे अनेक वर्षे वाद चालला. इतिहासकार फ्रांक बेकर यांनी त्यांचे बहुखंडी चरित्र लिहिले आणि विद्यापीठासमोरच्या रस्त्याला असलेले डीम यांचे नावही बदलले गेले. आपल्याच संस्थापकाचा हिशेब मांडायला धैर्य लागते.

आज इथे युर्गन मिट्टाग हे क्रीडा-राजकारणाचे प्राध्यापक आहेत. मूळचे ते इतिहास व राज्यशास्त्राचे अभ्यासक. २०११ पासून ते या विद्यापीठात आहेत. क्रीडासंघटनांचा कारभार कोण चालवतो, त्यावर सरकारचा अंकुश किती असावा, हे त्यांचे विषय. क्रिस्टोफ ब्रॉयर हे अर्थशास्त्राच्या बाजूने जर्मनीतील ८५ हजारांहून अधिक क्रीडामंडळांची पाहणी करतात. वर्गणी किती, विनावेतन राबणारे किती, मैदान कुणाचे? आपली मुले शनिवारी ज्या मंडळात फुटबॉल खेळतात, त्याचाही जमाखर्च या अभ्यासात मोडतो.

आपल्याकडे अशा अभ्यासाला सामग्री कमी आहे का? त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला जाऊन मल्लखांब आणि कबड्डीची प्रात्यक्षिके केली. कबड्डी आशियाई स्पर्धेत आली ती १९९० साली, बीजिंगला. ऑलिंपिकमध्ये ती अजून नाही. कुठला खेळ 'जागतिक' हे मातीत ठरत नाही, समित्यांच्या बैठकांत ठरते.

आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव! १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गहाणखतावर उभे आहे. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती आपण कौतुकाने सांगतो. गहाणखत का करावे लागले, हे फारसे विचारत नाही.

आता हे विचारण्याची वेळ आली आहे. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये २०३६ च्या ऑलिंपिकसाठी इच्छापत्र दिले. बर्लिनच्या त्या ऑलिंपिकला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होतील. ऑलिंपिकच्या दाव्याबद्दल म्युनिकच्या नागरिकांना २०१३ मध्ये आणि हॅम्बुर्गच्या नागरिकांना २०१५ मध्ये मत विचारले गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी 'नको' म्हटले. नको म्हणावे की हवे, हा वेगळा मुद्दा. पण खर्च कुणाच्या खिशातून, स्टेडियमखाली जमीन कुणाची जाणार आणि उद्याच्या खाशाबाच्या वाट्याला काय येणार, हे आधी विचारणारा माणूस हवा.

म्हणून वाचकहो, आपल्या घरातली एखादी मुलगी इंजिनिअरिंग सोडून खेळाचे अर्थकारण शिकायचे म्हणाली, तर हसू नका. पोट कुणाचे भरते, हा प्रश्न तर आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो आहोत. उत्तर शोधायला तेवढे कुणीतरी जाऊ द्या.